वर्कशॉपमध्ये शहाणा, अंगणात हट्टी

मास्तरांच्या राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या जुन्या कॅम्पर गाडीच्या छतावरचा एसी ताईंच्या वर्कशॉपमध्ये शहाण्या बाळासारखा चालायचा आणि मास्तरांच्या घरच्या अंगणात पोचला की पंधरा मिनिटांत मान टाकायचा. ताईंची उभी हयात एसी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी कपॅसिटर बदलून पाहिला, सगळे जोड घट्ट केले, तरी मास्तरांची तक्रार तिसऱ्यांदा हजर. दुसरी कुणी वैतागली असती. ताईंना मात्र हे कोडं काही केल्या स्वस्थ बसू देईना.

निवृत्त मास्तरांची पंचाईत वेगळीच होती. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, तिचं घर एका खोलीचं, म्हणून तिच्या दारात महिनाभर मुक्काम गाडीतच. आणि एका आजारपणापासून त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, उकाडा अजिबात सोसत नव्हता. गार हवेची सोय नसेल तर काकूंनी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. निघायला दोनच दिवस उरले होते.

या वेळी गाडी आणू नका, मीच येते, असं ताईंनी कळवलं.

अंगणात सगळं जिथल्या तिथे. ताईंनी एसी सुरू करून भिंतीतल्या प्लगला मीटर लावला: दोनशे तीस व्होल्ट. गाडीतल्या प्लगला लावला: दोनशे, मग एकशे नव्वद. म्हणजे मधल्या वाटेत कुणीतरी डल्ला मारत होतं. वायरीचा माग काढत त्या गाडीच्या पायरीखाली पोचल्या. तिथे लांबलचक वायर तिच्या गुंडाळायच्या रिळावर नेटकी गुंडाळलेली, लागेल तेवढीच बाहेर. ताईंनी हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. आधी त्यांनी स्विच बंद केला.

"वापरताना ही पूर्ण उलगडायची असते, मास्तर. गुंडाळलेली राहिली की तापत जाते, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवाचून उपाशी राहतो. माझ्याकडे आखूड, जाड वायर असते, म्हणून तिथे चालतो."

कोडं सुटल्याचा ताईंना कोण आनंद झाला. मास्तरांचा चेहरा मात्र पडला. गेल्या वर्षी काकू अशाच पसरलेल्या वायरीत पाय अडकून पडल्या होत्या. तेव्हापासून अंगणात हातभरही वायर मोकळी ठेवायची नाही, हा मास्तरांचा नेम होता.

दारातून ऐकणाऱ्या काकू काठी टेकत खाली आल्या, वाकल्या आणि वायर उलगडायला लागल्या.

"लेकीकडे जायचंय मला," त्या म्हणाल्या. "वायर दिसली की ओलांडीन. तुमच्या जपण्यापायी मी घरात बसून राहणार नाही."

वायर पूर्ण उलगडल्यावर ताईंनी स्विच पुन्हा सुरू केला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, एसी चालूच होता. मास्तरांची नजर काकूंच्या पावलांवरून हलत नव्हती.