गिऱ्हाइकाचं मन

गांधीबागेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात मालकांनी, म्हणजे भैय्याजींनी, गिऱ्हाइकाचं मन ओळखणारा माणूस आणला. नाव ऋषिकेश, ऑफिस सदर भागात, वय अठ्ठावीस. सव्वीस वर्षं मी या गादीवर साड्या उलगडतोय, तरी भैय्याजी मला म्हणाले, "मधुसूदन, महिनाभर याचं काम पाहू. जमलं तं तुमची गरज नाही राहणार."

पहिल्याच दिवशी उमरेडहून लग्नाचा बस्ता बांधायला नऊ बायका आल्या. ऋषिकेश माझ्या कानात म्हणाला, "काका, निर्णय नवरी घेते. फक्त तिच्या डोळ्यांत पाहायचं." आणि हा शहाणा पाहत बसला. पोरगी बिचारी ओढणी सावरून थकली. तरी तिला तीन शालू आवडले. तेवढ्यात कोपऱ्यातली तिची आत्या उठली.

"काही खास नाही वं वहिनी. दुसऱ्या दुकानात पाहून घेऊ."

नऊच्या नऊ बायका चपला शोधू लागल्या. ऋषिकेशने टॅब उघडला. त्यात आत्या कुठून असणार?

मी आत्याबाईंसमोर बसलो. "बाई, चुकलं आमचं. तुमची मानाची साडी पहिले दाखवाले पायजे होती."

त्या बसल्या. मोतिया रंगाची साडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पाऊण तासात अख्खा बस्ता बांधून झाला. ऋषिकेशचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, गेला हा.

संध्याकाळी तोच चहा घेऊन माझ्या पायाशी बसला. सकाळी पुस्तकी बोलणारा पोरगा आता माझ्या बोलीत विचारत होता. "गुरुजी, तुमाले हे कसं समजते? मले शिकवा ना."

सव्वीस वर्षांत मला कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. मग काय, सुटलोच मी. रुसणारी आत्या कशी ओळखायची, सासूसमोर कोणता रंग काढायचा नाही, सगळं ओकून मोकळा झालो. तो टॅबवर लिहीत राहिला.

महिना भरला तेव्हा गादीवर दोन नव्या मुली बसल्या होत्या, हातात माझेच शब्द छापलेले कागद. भैय्याजी नजर चुकवत म्हणाले, "उद्यापासून आराम करा गा."

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या दोघींतली मेघा समोर बसली. "काका, आधी पाणी घ्या. तुमच्यासारखा जाणता माणूस या दुकानात दुसरा झाला नाही."

भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला असंच बसवायचं, हेही मीच ऋषिकेशला सांगितलं होतं. तरी बसलो. पाणीही प्यालो, मूर्खासारखा.