आठवी सुरी

न्यायाधीश हालिना पेट्रिक यांनी तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"मॅकलेन, तुमच्या जामीनदार येताहेत, की मीच जाऊन हात धरून आणू?"

"दारातच आहेत, मॅडम. तपासणीत अडकल्यात." आरोपीचा वकील कसनुसं हसला.

बाईंचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. काचेमागे बसलेल्या आरोपीनं, एयनारनं, मासळीच्या व्यापाऱ्याच्या पोटात सुरी खुपसली होती. व्यापारी वाचला, पण राहतो एयनारपासून चार घरं सोडून. आत ठेवावं, तर खटला उभा राहायला वर्ष जाणार. सोडावं, तर गेल्या महिन्यातला तो नग आठवत होता. त्याचा काका जामीनदार म्हणून शपथेवर सगळ्याला 'हो' म्हणाला आणि तिसऱ्याच दिवशी पुतण्यानं बायकोचा जबडा फोडला. तेव्हापासून 'हो' ऐकलं की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज आधी एयनारचा चुलतभाऊ उभा राहिला होता. रात्री घरात ठेवाल? हो. नियम मोडला तर पोलिसांना कळवाल? लगेच! काम काय करता? ट्रक चालवतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेरच. बाईंनी त्याला तिथूनच घालवून दिला.

अखेर एयनारची थोरली बहीण थोरा आत आली. साठीची, पायात रबरी बूट.

"कोर्टाची वेळ म्हणजे काय समजता हो तुम्ही?"

"दारावरच्या माणसानं अडवलं, बाईसाहेब."

शपथ झाली. बाईंनी छापील कागद वाचला. "जेवताना सोडून आरोपीच्या हाताशी सुरी असता कामा नये. मान्य?"

"नाही."

मॅकलेननं कपाळाला हात लावला. "थोरा, हो म्हण ना, बाई!"

"कसं म्हणू? आमचा धंदाच मासे कापायचा. शेडमध्ये सुऱ्या, गाडीत सुऱ्या. हा सकाळची कॉफी प्यायच्या आत अट मोडेल. मी शपथेवर खोटं बोलू?"

"मग आलात कशाला?" बाई कडाडल्या.

"सुऱ्या द्यायला. दारावर त्याच तर काढून घेतल्या."

पहारेकरी मेणकापडाची गुंडाळी घेऊन आला. उलगडली, तर धार लावून लावून झिजलेली पाती.

"आणि मासे कशानं कापणार?" बाईंनी विचारलं.

"नाही कापणार. शेडला कुलूप घातलंय. पिकरेल मासा दुकानातून आणून खाऊ. गाव हसेल, हसू दे मेलं!"

सरकारी वकील ड्यूबे उठला. "सगळ्या आणल्यात कशावरून?"

थोरानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "सात आहेत, मोजून घ्या. आठवी तुमच्याकडेच आहे. त्या दिवशी पोलिसांना फोन करून मीच दिली होती ना?"

ड्यूबे खाली बसला. काचेमागे एयनारनं तोंड ओंजळीत लपवलं.

 बाईंनी कागद पुढे ओढला, 'जेवताना सोडून' हे शब्द खोडले, व्यापाऱ्याच्या घराकडे फिरकायचं नाही असं खाली लिहिलं आणि जामिनावर सही केली.

"यांना सात सुऱ्यांची पावती द्या."

थोरा दारापर्यंत गेली आणि वळली. "बाईसाहेब, पाव कापायला एक ठेवू का?"

"हातानं तोडा!" बाई खेकसल्या आणि त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितला.