एलादिओकाकांची मेर्लूसा, टनांत

आमच्या बंदरावर मासळीची नोंद मी करतो. खुर्ची, संगणक आणि वजनकाटा सरकारचा, हीटर माझ्या आईचा. मेर्लूसा ही मासळी किती उतरली ते भरायचं, मग तो आकडा राजधानीला, सान्तियागोला जातो आणि तिथून जगाच्या तक्त्यात, जिथे तिला हेक म्हणतात. अर्जेंटिना सगळ्यात वर, लाखो टनांत. मग नामिबिया, दक्षिण आफ्रिका. आमचा चिले बराच खाली, आणि त्यातलं आमचं बंदर म्हणजे मुख्यतः एलादिओकाका.

काका एकाहत्तर वर्षांचे. तीन वर्षांत त्यांना एकही मेर्लूसा मिळाली नव्हती. नियम असा, की तीन वर्षं नोंद शून्य राहिली की मच्छीमारांच्या यादीतून नाव जातं, आणि गेलेल्या नावाची जागा मुलीला, यानीराला, देता येत नाही. मुदत शुक्रवारी पाचला संपत होती.

शुक्रवारी चारला बापलेक परत आले. होडीत एक राक्षसी म्हाकूळ होतं, यानीराच्या कमरेइतकं. मेर्लूसा कुठाय, मी विचारलं. काकांनी सुरी काढून म्हाकुळाचं पोट फाडलं. आत मेर्लूसाचा शेपटाकडचा तुकडा होता. बऱ्यापैकी ताजा.

"मिळाली," काका म्हणाले. "मध्ये एक दलाल होता, एवढंच."

लांबी डोक्यापासून शेपटापर्यंत भरायची असते. डोक्याचं काय झालं हे सांगण्याच्या स्थितीत म्हाकूळ नव्हतं. मी अंदाजे भरली. वजन भरलं एकशे ऐंशी ग्रॅम. संगणकाने त्याचे टन केले, दोन दशांशांपर्यंत, आणि दाखवलं ०.००. मी पुन्हा भरलं. त्याने पुन्हा तेच दाखवलं, फक्त जरा लवकर.

शून्य जायला किती लागेल, यानीराने विचारलं. पाच किलो, मी म्हटलं. ती गाडीची किल्ली शोधू लागली. वरच्या सुपरमार्केटात अर्जेंटिनाची गोठवलेली मेर्लूसा मिळते, वीस मिनिटांत आणते म्हणाली. मी काट्याकडे बघत राहिलो, म्हणजे हो म्हटलं.

"ठेव ती किल्ली," काका म्हणाले. "ती मासळी तिकडे एकदा मोजून झालीय."

"बाबा, कुणाला कळणारे?"

"म्हणजे आता माझ्या कागदावरही त्यांचाच पहिला नंबर?"

यानीरा किल्ली टेबलावर ठेवून बाहेर गेली.

पाचला दहा मिनिटं असताना काका म्हणाले, तो जगाचा तक्ता दाखव. मी स्क्रीन वळवली. त्यांनी चष्मा लावून आपल्या देशाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी गेल्यावर हा आकडा कमी होईल का रे पोरा?"

"नाही, काका."

"जरासुद्धा?"

मी खरंच वजा करून पाहिलं. नाही.

"बरं," म्हणाले, आणि नाव वगळण्याच्या कागदावर त्यांनी सही केली. पूर्ण नावाची, सावकाश.

बाहेर यानीरा म्हाकूळ कापून पाट्यांत भरत होती. ते विकायचा परवाना वडिलांच्या नावावर होता, म्हणजे आता नव्हता. मी खिडकी लावून घेतली.