इंदूबाईच्या डब्या

घनश्यामने डबीचं झाकण उघडलं, वरची राख फुंकून बाजूला केली आणि चवळीचे चार दाणे तळहातावर घेऊन मुलीपुढे धरले.

"लिही. मोतीबाईची बरबटी."

"बाबा, नावाच्या रकान्यात बियाण्याची जात लिहायची. बाईचं नाव नाही."

"तुह्या मायनं डबीवर तेच लिहिलं हाय."

अपेक्षाने लॅपटॉपवरून मान वर केली. डबीवरच्या चिठ्ठीत आईचं अक्षर होतं, ओळीच्या शेवटाकडे खाली घसरत जाणारं.

अपेक्षाची आई इंदूबाई हिला जाऊन पाच महिने झाले होते. मागे एकेचाळीस डब्या होत्या. तिची रीत साधी होती. बियाणं विकायचं नाही. मूठभर न्यायचं, पीक आलं की दोन मुठी आणून द्यायच्या. आणि ज्या बाईकडून ते घरात आलं, तिच्याच नावाने ओळखायचं. गावच्या बचत गटासाठी अपेक्षा आता या बियाण्यांची वेबसाइट करत होती. रविवारी ती बायांना दाखवायची होती.

आधी तिने सगळ्या बियाण्यांसाठी एकच साचा केला होता. सात रकाने, प्रत्येकापुढे लाल स्टार. एक जरी रिकामा राहिला तरी माहिती जतन होत नव्हती.

"कुंपणावरच्या वालाचं एकरी उत्पन्न काय सांगू तुले?" घनश्याम वैतागला. "हे फॉर्म भरणं हाय का पोलिसात जबाब देणं?"

अपेक्षा हसली. दुसऱ्या दिवशी तिने साचाच मोडला. सक्ती काढली आणि प्रत्येक रकान्याखाली 'आणखी जोडा' असं बटण दिलं.

"आता पाहिजे तेवढंच भरा. नसलं तर सोडून द्या. एका बियाण्याले तीन नावं असली तरी चालते."

"तीन कायले लागतात?"

"नेरले एक म्हणतात, वणीले दुसरं. तुम्ही भरा तर."

तीन दिवस तो एका बोटाने भरत राहिला. शेवटची डबी झाली तेव्हा त्याने यादी वरून खाली पाहिली. मग खालून वर पाहिली.

"काय शोधून राह्यले बाबा?"

"काई नाही."

अपेक्षाने यादीतल्या नावांवरून नजर फिरवली. "पहिल्या पानावर आईचा फोटो टाकू? खाली नाव?"

"नको. तिनं एकाही डबीवर सोताचं नाव टाकलं नाही. तिले आवडलं नसतं." चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

शनिवारी सकाळी तांड्यावरची सुखीबाई आली. पदरात बांधलेली तूर तिने सुपात ओतली. दोन मुठी, वर थोडी जास्तच.

"मागच्या साली नेलती. इंदूबाई नाही म्हणून काय ठेवून घेऊ का भाऊ?"

घनश्यामने दाणे बोटांनी चाळले. तांबूस, पोटावर काळी रेघ.

"ही तर मारोतरावच्या मायची तूर."

"असंल तुमच्या घरी," सुखीबाई म्हणाली. "आमच्या तांड्यात हिले इंदूबाईची तूर म्हणतात. पाच घरी हाय आता."

घनश्यामने सूप जपून ओट्यावर ठेवलं. लॅपटॉपसमोर बसून तुरीचं पान उघडलं. नावाच्या खाली 'आणखी जोडा' दाबलं, रिकामा रकाना उघडला. एक एक अक्षर शोधत तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर कितीतरी वेळ त्याचं बोट तसंच वर राहिलं.

"बाबा, चहा मांडू?" आतून अपेक्षाने विचारलं.

"मांड. सुखीबाईलेही." मग तो वळला. "बाई, इथून अजून काय काय नेलं होतं तुम्ही?"

"लय नेलं भाऊ. वाल नेला, अंबाडी नेली, वाळूक..." सुखीबाई बोटांवर मोजू लागली.

घनश्यामने दुसरी खुर्ची ओढली आणि आपल्या शेजारी ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "सावकाश सांगा."