रागासकट

“मनात कोणाबद्दल राग, हेवा, वाईट इच्छा असं काही आहे का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“आहे,” मावशी म्हणाली.

शेजारी नोंदवही उघडून बसलेल्या दादाने पेनाला टोपण लावलं. अकरा वर्षं तो हेच करत आला होता.

आमच्या लूथरपंथी मंडळीत एक पद्धत आहे. रविवारी प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढे येशूच्या नावाने मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन नाव द्यायचं. पाळकसाहेब एवढा एकच प्रश्न विचारतात. ‘नाही’ म्हटलं की नाव वहीत चढतं. इतकी सोपी परीक्षा जगात दुसरी नसेल. शेजाऱ्याच्या कुत्र्याला विष घालायचा बेत करणारा शिंपी ‘नाही’ म्हणायचा. सुनेशी चार वर्षं न बोललेल्या मुख्याध्यापिकाबाई ‘नाही’ म्हणायच्या, त्याही डोळे मिटून. तीनशे माणसांच्या मंडळीत राग फक्त एका बाईला येत होता, आणि तीच तेवढी भोजनाला अपात्र ठरत होती.

ही बाई हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरींच्या मोठ्या इस्त्रीवर काम करायची. तीस वर्षांत वाफेने तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत गुळगुळीत झाले होते. वॉर्डातल्या नर्सेस तिला मावशी म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणू लागले.

“मावशी, येता सोडून पुढच्या बुधवारी तुमचं ऑपरेशन ना?” पाळकसाहेबांनी घड्याळ बघत विचारलं. “हृदयाचं आहे. त्याआधी भोजन घ्यावंसं वाटत नाही?”

“वाटतं म्हणून तर दर शुक्रवारी येते.”

“मग एक शब्द बोला. ‘नाही’ म्हणा. दादा लगेच नाव लिहितील.”

“आणि बुधवारी भूल उतरलीच नाही तर? देवाशी शेवटचं बोलणं खोटं झालं म्हणायचं?”

दादा मंद हसला. त्याच्या या हसण्याची मंडळीत फार वाखाणणी होती. “अगं, मी तुला कधीच माफ केलंय,” तो म्हणाला.

“मला? मी काय केलं?”

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि मंडळीचा चिटणीस. त्याचा आवाज कधी चढला नाही असं लोक कौतुकाने सांगत. भिंतीचाही चढत नाही, पण भिंतीला कोणी चिटणीस करत नाही. अकरा वर्षांपूर्वी आई त्याच्या घरी वारली. बहीण दोन गल्ल्या सोडून राहत होती. तिला निरोप गेला तो दफन आटोपल्यावर. “तू रडून गोंधळ घातला असतास,” तेव्हा तो म्हणाला होता, याच आवाजात. “आपण पुनरुत्थानाची आशा असलेली माणसं. असं रडणं आपल्याला शोभत नाही.” आईला मातीत ठेवत होते तेव्हा मावशी परक्या लोकांच्या चादरी इस्त्री करत उभी होती.

हे पाळकसाहेबांना ठाऊक नव्हतं. राग आहे का, हे ते विचारत; कोणावर आणि का, ते कधी विचारत नसत. भावना म्हणजे उधळलेला घोडा आणि श्रद्धा म्हणजे लगाम, असं त्यांचं आवडतं प्रवचन होतं. घोड्याच्या जवळ ते कधी गेले नसावेत.

पुढच्या आठवड्यात ते मनाच्या संयमावरच्या एका शिबिराला गेले. बदली म्हणून आले एक निवृत्त पाळक. म्हातारे, दम लागणारे, गुडघ्यांनी बेजार. शुक्रवारी रांग पुढे सरकत होती. शिंपी ‘नाही’ म्हणाला, मुख्याध्यापिकाबाई ‘नाही’ म्हणाल्या. म्हातारे नुसते “हं” करत होते. मग मावशीची पाळी आली.

“आहे,” ती म्हणाली.

दादाने टोपण लावलं.

म्हाताऱ्यांनी मान वर केली. “कोणावर?”

असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने नोंदवहीकडे बोट दाखवलं. “यांच्यावर. माझा भाऊ आहे. आईला पुरल्यावर मला ती गेल्याचं कळवलं.”

“बरं. हा राग हवाय तुम्हाला?”

“नकोय. अकरा वर्षं प्रार्थना करतेय. थोडा जातो आणि परत येतो.”

“येणारच. मरेपर्यंत येईल. पाप आहेच ते, मी गोड बोलून नाही म्हणणार नाही.” त्यांनी दम घेतला. “पण बाई, मन आधी स्वच्छ करून यायचं असतं तर वेदीपाशी मीसुद्धा उभा राहिलो नसतो. मला तर या खुर्चीचादेखील राग येतोय. माफी आपल्या मनातून उगवत नाही. ती बाहेरून येते, हातावर ठेवावी लागते. घ्यायला याल?”

“रागासकट?”

“दुसरं काय आहे तुमच्याकडे आणायला?” ते दादाकडे वळले. “लिहा नाव.”

दादाने पेन उघडलं नाही. “साहेब, आपल्या मंडळीची शिस्त आहे.”

“असेल. तुमच्या स्वतःच्या मनात काय आहे?”

“माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही.”

“काहीच नाही? राग, दुःख, थोडी लाज?”

“देवाच्या कृपेने, काही नाही.”

“मग रविवारी येता कशाला? तुमच्यासाठी तिथे काही ठेवलेलं नाही.”

रांगेत कोणीतरी खोकलं. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “हा अपमान आहे!” तो ओरडला. खरंच ओरडला, शिंपी दोन पावलं मागे सरला. “वीस वर्षं मी ही वही लिहितोय! एका इस्त्रीवालीसमोर तुम्ही मला—”

“हां,” म्हातारे समाधानाने म्हणाले. “आलं काहीतरी. आता दोघांचीही लिहा.”

दादाने लिहिलं. अक्षर वाईट आलं.

रविवारी मावशी सगळ्यांत शेवटी पुढे गेली. वेदीपुढच्या कठड्याशी एकच जागा मोकळी होती, दादाशेजारी. ती गुडघे टेकून बसली. मन शांत वगैरे काही झालं नव्हतं. त्याच्या कोटाचा वाससुद्धा तिला सहन होत नव्हता. भाकर तिच्या तळहातावर आली. ती तिने खाल्ली.

मग द्राक्षारसाचा पेला आला. सगळे त्याच पेल्यातून पितात; दर माणसानंतर पाळक कड पुसून पेला थोडा फिरवतात. म्हाताऱ्यांना दम लागला होता, पुसायचं राहून गेलं. कडेवर दादाच्या ओठांचा ओला ठसा तसाच होता.

मावशीने तो पाहिला. पेला फिरवणं तिच्या हातात होतं. तिने फिरवला नाही, तिथूनच प्यायली.

उठताना दादाने हात पुढे केला. अख्खी मंडळी बघत होती. मावशीने कठडा धरला, एक गुडघा उचलला, मग दुसरा, आणि आपली आपण उभी राहिली.