'खांद्यावर घड' या खेळाचा निकाल

मी ज्ञानकोशात लिहिते असं पप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती देतात?" काहीच देत नाहीत म्हटल्यावर ते गिऱ्हाइकाकडे वळले. जळगावात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दुपारी पप्पा जेवायला घरी जातात, बाजार पेंगतो, आणि मी गल्ल्यावर बसून इंटरनेटवरच्या त्या मराठी ज्ञानकोशात भर घालते. तिथे कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं. लोकांच्या फक्त पहिलं लक्षात राहतं. माझा जीव दुसऱ्यात जास्त रमतो.

कुणी किल्ल्यांवर लिहितं, कुणी संतांवर. मी 'चला अंगणात' या टीव्हीवरच्या कार्यक्रमावर लिहिलं. मी शाळेत होते तेव्हा तो लागायचा. कार्यक्रमवाले गावोगाव जायचे, तिथल्या एका नवरा-बायकोला अंगणात उभं करायचे आणि एकमेकांविरुद्ध खेळवायचे. खेळ दर वेळी वेगळा. 'मुकी सासू'मध्ये तोंडातून शब्द न काढता स्वयंपाकघरातली वस्तू ओळखायला लावायची. 'उलटं लाटणं'मध्ये डाव्या हाताने पोळी लाटायची. असा एकेक खेळ, त्याचे नियम, गाव, विजेता, सगळं मी त्या पानावर नोंदवलं, आणि प्रत्येक ओळीला संदर्भ दिला. माझ्या मैत्रिणी हसतात. हसू देत. त्यांच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा माझं पान जास्त लोक बघतात.

या पानावर मला एकाच खेळाने छळलं. 'खांद्यावर घड'. तो एकाच भागात झाला, सावद्याला. नवरा आणि बायको, दोघांच्या खांद्यावर केळीचा एकेक घड. बागेतून निघायचं, पाट ओलांडायचा, बांबूच्या आडकाठ्यांमधून वाकून जायचं आणि घड गाडीवर ठेवायचा. जो आधी पोहोचेल तो जिंकला. विजेते शालिग्राम, पराभूत त्यांची पत्नी कुंदाबाई. तो भाग वाहिनीच्या संकेतस्थळावर अजून आहे, म्हणजे संदर्भही पक्का. विषय संपला.

पण सावद्याचं कुणीतरी येऊन ती ओळ बदलत राहिलं. 'खरा निकाल चार दिवसांनी लागला. कुंदाबाई जिंकल्या.' मी खोडायची आणि शेरा मारायची, 'संदर्भ द्या.' पुन्हा तेच, थोड्या वेगळ्या शब्दांत. शेवटी भूपेंद्रने पानाला कुलूप घातलं. भूपेंद्र धुळ्याचा, ज्ञानकोशाच्या प्रचालकांपैकी एक, म्हणजे तिथला फौजदारच म्हणा. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण इतकी वर्षं एकमेकांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या होत्या की जवळपास सोयरीकच झाली होती. "गावकरी चार दिवसांनी निकाल लावतात," मी त्याला फोनवर म्हटलं, "काय, मतमोजणी आहे का?" दोघं खूप हसलो.

मग एका दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी, सोबत चाळिशीचा मुलगा. मला वाटलं लग्नाचं रुखवत घ्यायचं असेल. मी हंडे दाखवायला उठले.

"भांडे नाई पायजेत," म्हातारे म्हणाले. "माले शालिग्राम म्हनतात. सावद्याचा. ते टीव्हीच्या खेयाचं लिहिनारी पोरगी तूच ना?"

माझ्या ओळखपानावर मी हौसेने दुकानाचं नाव टाकलं होतं. ते त्यांच्या मुलाने, नीलेशभाऊंनी, शोधून काढलं; पानावरची ती ओळ बदलत राहणारेही तेच. मी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि मनात म्हटलं, आता हे भांडणार.

मुलगा त्यांना नाना म्हणत होता. नाना भांडले नाहीत. ते म्हणाले, "त्याच्यात माहं नाव काढ अन् तिचं टाक. मी हारलो."

"नाना, मी भाग पाहिलाय. तुम्ही आधी पोचलात."

"पोचलो ना. धावत गेलो, बांबूले घड ठोकत गेलो. ती सावकाश आली, घडाले पदर लावून. पोरी, हिरव्या केयाले मार लागला तर तवाच दिसत नाई. पिकलं का मंग कायं पडते. टीव्हीवाले गेले निघून. आमी दोन्ही घड पिकत घातले. चौथ्या दिवशी गल्लीसमोर काढले. माहा बठ्ठा कायाभोर. तिचा पिवया जर्द, डाग शोधून सापडला नाई. आमच्याकडे घड आधी कोनी आनला हे कोनी इचारत नाई. कसा पिकला ते इचारतात."

मला पटलं. पण पटणं हा संदर्भ नव्हे. मी त्यांना नियम समजावला, आणि तो समजावताना मला नेहमी जरा बरं वाटतं, हे कबूल करते. ज्ञानकोशात माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं चालत नाही. कुठे तरी छापलेलं हवं.

"मी जिकेल मानूस. मीच सांगतो मी हारलो. तरी नाई चालत?"

"तरी नाही."

नाना नीलेशभाऊंकडे बघायला लागले. मग नीलेशभाऊंनी खरं काय ते सांगितलं. कुंदाबाईंना दोन वर्षांपासून विसर पडतो आहे. सून कोण, हे कधीकधी आठवत नाही. पण टीव्हीवाले आले तो दिवस लख्ख आठवतो, फक्त त्याचा शेवट निसटतो. रोज सकाळी त्या मोबाईल मागतात. चौथीपर्यंत शिकल्या आहेत. बोट ठेवून वाचतात, 'विजेते, शालिग्राम.' मग गप्प होतात. दुपारपर्यंत जेवत नाहीत. संध्याकाळी विसरतात आणि दुसऱ्या सकाळी परत मोबाईल मागतात.

"आम्ही तोंडी सांगून पाहिलं, आई तूच जिंकलीस. ती म्हणते, माझं मन राखायला सांगता. मोबाईल लपवला तर शेजाऱ्यांकडे जाते. छापलेलं तेवढं खरं मानते ती."

"रोज हारते बिचारी," नाना म्हणाले. "अन् रोज माह्यासमोर हारते."

चहा तसाच राहिला. मी म्हटलं, एखाद्या वर्तमानपत्रात काही आलं असेल तर शोधा. नाना म्हणाले, "पेपरात पायजे? मंग झालं काम," आणि उठलेच.

पंधरवड्याने ते परत आले ते कात्रण घेऊन. मी वाचलं आणि डोक्यावर हात मारला. शेतजमीन विकताना वकिलामार्फत जशी जाहीर नोटीस देतात, तशी नोटीस त्यांनी दिली होती.

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमचे अशील श्री. शालिग्राम, रा. सावदा, यांनी दूरचित्रवाणीवरील "खांद्यावर घड" या खेळात मिळविलेला विजय हा वास्तविक त्यांच्या पत्नी सौ. कुंदाबाई यांचा असून, सदर विजयावर आमचे अशिलाचा कोणताही हक्क अथवा हितसंबंध राहिलेला नाही. याबाबत कोणाची हरकत असल्यास पुराव्यासह सात दिवसांचे आत कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास सदर विजय निर्वेध समजण्यात येईल.'

"कोनाचीच हरकत नाई आली," नाना म्हणाले. चेहऱ्यावर सातबारा नावावर झाल्याचं समाधान होतं.

मी हसता हसता कात्रण दोनदा वाचलं. त्यांच्यासमोरच मी भूपेंद्रला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं.

"मॅडम, पैसे भरून छापलेलं आहे ते. जाहिरात झाली."

"अरे, माणूस स्वतःहून विजय सोडतोय! जगात कुणी सोडतं का?"

"मालेबी वाईट वाटस. पण जाहिरात ती जाहिरातच शे. उद्या प्रत्येक पुढारी स्वतःच्या सत्काराची नोटीस घेऊन येईल, मग काय करशील?" घाईत तो अहो-जाहो विसरला. "हा नियम मला तूच शिकवला होता."

खरं होतं, म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. मी फोन आपटला. नानांना मी "बघते" म्हटलं. आम्हा दुकानदारांच्या घरात 'बघते' म्हणजे नाही, आणि तेवढं त्यांना कळत असावं. ते कात्रण नीट घडी घालून घेऊन गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी ते पान उघडलं नाही. पहिल्यांदाच मला माझ्या कामाची लाज वाटली. खेळ नोंदवला मी, नियम लिहिले मी, आणि खेळ खेळणारी बाई सावद्यात रोज सकाळी उपाशी बसत होती.

आठवड्याने भूपेंद्रचाच फोन आला. आवाज जरा वरमलेला.

"मी शेतकी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो होतो. तिथे जुन्या शेतीमासिकात केळीच्या हाताळणीवर लेख सापडला. हिरव्या फळाला लागलेला मार लगेच दिसत नाही, पिकल्यावर काळा पडतो, असं स्वच्छ छापलंय. विजेता बदलता येणार नाही. पण खेळाच्या माहितीत हे लिहिता येईल."

"त्याने काय होणार?"

"माहीत नाही. पण खरं आहे आणि संदर्भ आहे."

आम्ही दोघं दुपारभर एकेका शब्दावर भांडलो. शेवटी विजेत्याच्या ओळीखाली असं लिहिलं: 'केळीच्या हिरव्या घडाला लागलेला मार लगेच दिसत नाही, घड पिकल्यावर तो काळ्या डागांच्या रूपात दिसतो. या भागात मात्र विजेता त्याच दिवशी, घड गाडीवर पोहोचण्याच्या क्रमावरून ठरवण्यात आला. पिकल्यानंतरचे घड भागात दाखवलेले नाहीत.' शेवटचं वाक्य माझं. भाग बघून कुणीही तपासून घ्यावं.

मला ते ना धड इकडचं, ना धड तिकडचं वाटत होतं. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने सावद्याला गेले.

कुंदाबाई ओट्यावर खाटेवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस नीट विंचरलेले. नानांनी ओळख करून दिली, "जयगावच्या भांड्यावाल्या शेठची पोरगी." त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमच्या डब्याचे झाकनं घट्ट नाई बसत." मी मान्य केलं. मग त्यांनी मोबाईल मागितला. नाना दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभे राहिले.

बोट पडद्यावर हळूहळू सरकलं. "वि-जे-ते. शा-लि-ग्राम." त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला. चेहरा असा पडला की माझ्याने बघवेना. आणि हे घर हे रोज बघत होतं.

"आजी, खाली अजून लिहिलंय," मी म्हटलं. "तेवढं वाचा."

त्यांनी मोबाईल सुलटा केला. वाचायला बराच वेळ लागला. 'मार लगेच दिसत नाही'वर त्यांनी मान हलवली, हे काय सांगायला हवं, अशी. 'त्याच दिवशी'वर बोट थांबलं. परत मागे गेलं, परत पुढे आलं.

"त्याच दिवशी?" त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी निकाल कोन लावते? येडे हायेत का हे टीव्हीवाले?" आणि ओट्यावरून रस्त्यात ऐकू जाईल एवढ्याने हसल्या. मग शेवटचं वाक्य वाचलं, आणि एकदम सावध होऊन नानांकडे वळल्या. "म्हंजे घड अजून पिकायचे हायेत?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. असल्या प्रश्नाला ज्ञानकोशात उत्तर नसतं.

"हो," नाना म्हणाले. "पिकायचे हायेत."

"मंग तुमी आतापासून कायले मिशीले पीय देता? चार दिस थांबा. दिसंनच कोनाचा कसा पिकला ते." त्यांनी मोबाईल मला दिला आणि आत सुनेला हाक मारली, भाकर टाक म्हणून. पाहुणी उपाशी जायला नको, असं म्हणत स्वतःही जेवायला बसल्या. वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरल्या. सून आत जाऊन डोळे पुसून आली.

नाना मला स्टँडवर सोडायला आले. एसटीला उशीर होता.

"उद्या परत वाचतील," मी म्हटलं. "मग परत वरची ओळ दिसेल."

"दिसू दे. खालची बी दिसंन. अन् रोज म्हनंन, चार दिस थांबा." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "केयीवाला मानूस मी, पोरी. माल पिकला नाई का रातची झोप उडते माही. पन हे दोन घड आता कधीच पिकू नयेत."

एसटी आली. मी खिडकीजवळ बसले, आणि भूपेंद्रला फोन लावला, घड अजून पिकायचे आहेत हे सांगायला.