डोळ्यातले लाल धागे

चर्चच्या पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला आणि आमच्या ह्यांना सांगितलं, की येत्या रविवारी देवळात सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष तुम्हीच द्यायची. विषय डोळा.

हे घरीच कृत्रिम डोळे बनवतात. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा जातो, त्यांना दुसऱ्याशी जुळणारा प्लास्टिकचा डोळा करून देतात. स्वतःचा चष्मा मात्र घरभर शोधत फिरतात आणि तो बहुतेक वेळा कपाळावर असतो.

पाळकसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. इतकी नाजूक वस्तू आपोआप होत नाही, तिला घडवणारा लागतो, हे तुमच्याइतकं पटवून कोण सांगणार? हे खूश झाले. इतक्या वर्षांत मंडळीने ह्यांना कधी चार शब्द बोलायला उभं केलं नव्हतं. खुर्च्या मांडायला मात्र हाक यायची.

त्यातली मेख मला नंतर कळली. आमची लेक शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि रविवारी देवळात लहान मुलांचा वर्ग घेते. वर्गातल्या एका चिमुरडीने विचारलं, माणूस देवाने केला की माकडापासून झाला? लेक म्हणाली, देवानेच केला, पण पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदलत केला असेल, तरी त्याचा मोठेपणा कमी होत नाही. चिमुरडीने ते घरी जाऊन सांगितलं, आणि तिचे आजोबा निघाले मंडळीचे खजिनदार. त्यांच्या मते देवाने सगळं सहा दिवसांत केलं, तिथे ‘असेल’ला जागा नाही. हिचा वर्ग काढून घ्या, असं त्यांनी कमिटीत मांडलं होतं. आता बापानेच उभं राहून डोळा एका फटक्यात झाला म्हणून सांगितलं, की मुलीला बोलायला तोंडच उरणार नव्हतं.

जेवताना लेक एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्हाला खरं वाटतं तेच बोला. माझ्याकडे बघून नको.”

मला काही राहवत नाही. मी म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून सांगा आणि घरी बसा.

हे गेलेच. उभे राहिले तेव्हा हात कुठे ठेवावेत ते कळेना. खिशात घातले, मग देवळात आहोत हे आठवून बाहेर काढले. सुरुवात छान झाली, देवाची कारागिरी वगैरे. पाळकसाहेब मान डोलवत होते. मग ह्यांनी एका बाईची गोष्ट काढली. धंद्यात नवे असताना ह्यांनी तिला अगदी निर्दोष डोळा करून दिला होता, पांढरा म्हणजे स्वच्छ पांढरा.

“आठवड्यात ती परत आली. म्हणाली, लोक ह्याच डोळ्याकडे बघत बसतात. तेव्हापासून मी पांढऱ्यात लाल रेशमाचे धागे घालतो, शिरांसारखे. चांगलं कशाला म्हणायचं ते मला कळतं, असं वाटायचं. कळत नव्हतं.” ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “डोळा देवाने केला, हे मी कुठेही सांगेन. कसा केला, किती वेळ लावला, ते मला विचारू नका. मी करतो तो डोळा तर बघतसुद्धा नाही.”

कुणीतरी खोकलं. हे खाली येऊन बसले तेव्हा मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितकीच भीतीही वाटली.

पाळकसाहेब भला माणूस. दारात ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, मनापासून बोललात, पण मला ह्याची मदत झाली नाही. त्याच आठवड्यात कमिटी बसली आणि वर्ग खजिनदारांच्या सुनेकडे गेला. लेकीने मुलांच्या चित्रांची पिशवी तिला नेऊन दिली. घरी येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

खजिनदारांचा डावा डोळा ह्यांनीच केलेला आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. दरवर्षी ते तो साफ करून, चकाकी देऊन घ्यायला येतात. यंदाही आले. माझ्या हातात असतं तर महिनाभर हेलपाटे घालायला लावले असते. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली. डोळा उजेडात धरला, मग त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं.

“उजवा वयाने लालसर झालाय. हा आहे तिथेच राहिला. धागे वाढवावे लागतील.”

खजिनदार रिकाम्या खोबणीवर रुमाल धरून बसले. ह्यांनी डोळ्याचा वरचा थर घासून घेतला आणि लेकीला हाक मारली. हल्ली इतकं बारीक काम ह्यांना दिसत नाही, म्हणून धागे लेकच ठेवते. ती हात पुसत आली. खुर्चीत कोण आहे ते तिने पाहिलं आणि दिवा जवळ ओढला.

“काका,” ती म्हणाली, “जरा माझ्याकडे बघा.”

त्यांना बघावंच लागलं. त्यांच्या उजव्या डोळ्यातली शीर कुठून निघून कुठे जाते, ते तिने नीट पाहून घेतलं, चिमट्याने एक लाल धागा उचलला आणि अगदी तसाच ठेवला.